दाराशेजारची रांग

स्मिता शेवडेनं बावीस वर्षं चौकटीच्या कागदावर कंटेनर भरले.

इंदूरच्या सियागंजातल्या एका किराणा पेढीत ती बिलं टाइप करायला लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती. पुढे शेठजींनी माल बाहेरदेशी धाडायला सुरुवात केली, देवास नाक्यापलीकडे मोठं गोदाम बांधलं, आणि पोहे, पापड, मसाले, लोणची, तुपाचे डबे, अगरबत्त्या असा पंचमेळ माल मस्कत-दुबईच्या दुकानांसाठी जाऊ लागला. दीड हजार खोकी, पंधरा-वीस मापांची, एका चाळीस फुटी कंटेनरमध्ये बसवायची. कुणालाच ते जमेना. स्मिताला जमलं. ती सकाळी पेन्सिल घेऊन बसे, चौकोन काढी, खोडी, पुन्हा काढी, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कागद तयार होई.

तो कागद घेऊन ती स्वतः गोदामाच्या धक्क्यावर, जिथे गाड्या भरत तिथे जाई. तिथे हम्मालांचा मुखिया उदयसिंह उभा असे. सोनकच्छकडचा माणूस, पन्नाशीचा, पंजे फावड्यासारखे, बोलणं मोजकं. लिहिणं-वाचणं त्याला बेताचंच, पण स्मिताचा नकाशा तो हात लांब करून धरी, डोळे बारीक करी आणि चूक बरोबर हुडकी.

"दीदी, अगरबत्ती को पोहे के पास मत रखो. मस्कत पहुंचते तक पोहे में बास भर जाएगी."

स्मिता मान हलवी आणि तिथेच खोडरबर काढी. असे कितीतरी नियम दोघांचे मिळून तयार झाले होते. कुठे लिहिलेले नव्हते. काही तिच्या डोक्यात होते, काही त्याच्या हातात. त्यातला एक उदयसिंहचा अगदी पक्का होता. दाराशेजारच्या रांगेत कमरेच्या वर जड काही चढवायचं नाही. सगळ्यात वर फक्त पापड.

"उधर जो आदमी दरवाजा खोलेगा," तो एकदा म्हणाला होता, "उसको थोड़े पता है कि रस्ते में क्या सरका है."

दोन वर्षांपूर्वी, पेढीची आणखी गोदामं आणि मुंबईला मोठं ऑफिस झाल्यावर, मुकुल रेगे ऑपरेशन्सचा मॅनेजर म्हणून आला. स्नेहलतागंजातला, स्मिताच्याच गल्लीतला मुलगा. आठवीच्या स्कॉलरशिपसाठी तिनंच त्याचं गणित घेतलं होतं. अजूनही तो तिला ताई म्हणे, सगळ्यांसमोर म्हणे. त्यानं एका सोमवारी तिच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला.

"ताई, हे बघा. खोक्यांची मापं टाकायची, वजन टाकायचं, बस. पूर्ण प्लान हा स्वतः देतो."

स्मिताला राग आला नाही. थोडी भीती वाटली, आणि त्याहून जास्त कुतूहल. आदल्या आठवड्यात तिनं जो कंटेनर भरवला होता त्याचीच यादी तिनं टाकली. तिच्या कागदावर चौदाशे ब्याऐंशी खोकी बसली होती. पडद्यावर रंगीबेरंगी ठोकळे भराभर येऊन बसले, सगळा पेटारा गोल फिरला, आणि खाली आकडा आला, पंधराशे एक्कावन्न. एकोणसत्तर खोकी जास्त.

तिनं तो ठोकळ्यांचा पेटारा माउसनं फिरवून फिरवून पाहिला. खोटं कुठेच नव्हतं. जिथे ती वर्षानुवर्षं वीतभर फट सोडत आली होती, तिथे यानं खोकं आडवं करून घातलं होतं. घरी जाऊन तिनं आईला, सरोजिनीबाईंना सांगितलं, "आई, मी इतकी वर्षं हवाच पाठवत होते गं."

"अगं, पण पोचत तर होतं ना सगळं," आई म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

मग तीन महिने स्मिता त्या सॉफ्टवेअरला शिकवत बसली. मुकुलनंच सांगितलं होतं, तुम्हाला जे जे माहीत आहे ते सगळं यात टाका. नियमांचं एक पान होतं. प्रत्येक नियमापुढे टिचकीची चौकट, टिचकी असली की नियम लागू. तिनं एकेक नियम लिहिला. तूप उन्हाच्या बाजूला नको. अगरबत्ती पोह्यांपासून तीन रांगा लांब. लोणच्याचं खोकं आडवं नको. ती धक्क्यावर जाऊन उदयसिंहला विचारी, आणखी काय, आणखी काय, आणि तो पाण्याची बाटली बाजूला ठेवून आठवत बसे. त्याला यात मजा वाटत होती. "मशीन भी अपना चेला हो गया," तो हम्मालांना म्हणाला.

पण प्रत्येक नियमाबरोबर आकडा खाली येई. सुरुवातीला कंटेनर साडेचौऱ्याण्णव टक्के भरत होता. सगळे नियम लागल्यावर तो नव्वदवर आला, म्हणजे जवळपास स्मिताच्या कागदाइतकाच.

मुकुलनं तिला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला.

"ताई, तुम्ही बुरा मत मानना. पण मग आपण हे घेतलंच कशाला? वरचे लोक रोज सकाळी हा एकच टक्का बघतात. बावीस कंटेनरचा माल एकवीसमध्ये जातो, असं मी त्यांना सांगितलेलं आहे."

"कुठले नियम काढू?"

"जे पार्टीनं मागितलेले नाहीत ते. वास-बिस ठेवा, त्याची कंप्लेंट येते. बाकीचे बघा."

एकेक नियम गेला. बहुतेकांचं स्मिताला काही वाटलं नाही. ते खरंच सवयीचे होते. दाराच्या रांगेवर मात्र ती अडली. पोह्यांचे पाच थर लावले की वर दहा-अकरा इंच जागा उरे, आणि लोणच्याचं खोकं बरोबर दहा इंचांचं होतं. काचेच्या बारा बरण्या, सतरा किलो. सॉफ्टवेअरला ती फट दिसली की ते लोणचं तिथे सारायचं. पोह्यांच्या खोक्याला ते वजन पेलत होतं, गणितात काही चूक नव्हती. स्मितानं मुकुलला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो थकल्या आवाजात म्हणाला, "ताई, जाळी बांधतातच ना दाराशी?"

"जाळी छातीपर्यंत येते रे."

"एवढ्या एका नियमानं दीड टक्का जातोय. तुम्हीच सांगा मी वर काय सांगू?"

तो ओरडला असता तर ती कदाचित अडून बसली असती. पण त्याचे डोळे लाल होते, घरी लहान मूल आजारी होतं, आणि त्याला रोज सकाळी नऊला फोनवर बोलणी बसतात हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. एका गुरुवारी दुपारी, सव्वातीनला, स्मितानं नियमांचं पान उघडलं आणि त्या चौकटीतली टिचकी काढली. सॉफ्टवेअरनं विचारलं, कारण लिहा. रिकामं सोडलं तर ते पुढे जाऊ देईना. काय लिहावं हे तिला सुचलं नाही. तिनं एक टिंब दाबलं आणि पान बंद केलं.

त्या दिवसापासून ती कागद घेऊन धक्क्यावर गेली नाही. आता धक्क्यावर टॅबलेट होता, प्लान सरळ तिथे जाई, आणि हम्माल भरणी झाली की दारातून फोटो काढून पाठवत. फोटो प्लानशी जुळला नाही तर गाडी सुटत नसे. जायची गरजच उरली नव्हती. पण ती न जाण्याचं खरं कारण ते नाही, हे तिला स्वतःला माहीत होतं.

सात आठवडे काही झालं नाही. माल जात राहिला, पोचत राहिला. स्मिताला वाटू लागलं की आपण उगीच घाबरत होतो.

मार्चमध्ये मस्कतचा एक कंटेनर पीथमपूरकडच्या डेपोत कस्टमवाल्यांनी तपासणीसाठी बाजूला काढला. दार उघडून काही खोकी दाखवायची होती. अशा वेळी गोदामातूनच माणसं पाठवत. उदयसिंह तिघांना घेऊन पिकअपमधून गेला. कंटेनर डेपोत आणताना बायपासला ट्रेलरवाल्यानं करकचून ब्रेक मारला होता, पण हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. गाडी कुणाला धडकली नव्हती.

सील तोडलं. दांडा अडकला होता. उदयसिंहनं बाकीच्यांना मागे सारलं, आपण खांदा लावून दांडा सोडवला, आणि दार हातभर उघडलं तोच वरची रांग आली. जाळीवरून आली. लोणच्याची अकरा खोकी. पहिलं त्याच्या मानेच्या खाली पाठीवर बसलं, तो गुडघ्यावर आला, आणि मग बाकीची.

स्मिताला साडेअकराला कळलं. मुकुल गाडीची किल्ली हातात घेऊन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता. दोघं त्याच्या गाडीतून दवाखान्यात गेले. उदयसिंहची बायको यमुना बाकावर बसली होती, मांडीवर त्याचा शर्ट होता. शर्टाला मोहरीच्या तेलाचा आणि मेथीचा वास येत होता.

डॉक्टरांनी दोन दिवसांनी सांगितलं. मणका. कमरेखाली काही येणार नाही. हात चालतील.

मुकुल वाईट वागला नाही, हे सांगायला हवं. दवाखान्याचं सगळं त्यानं पाहिलं, स्वतः रक्त द्यायला गेला. स्मितानं ऑफिसात येऊन पहिलं काम केलं ते त्या चौकटीत टिचकी परत करण्याचं. मुकुलनं ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. आकडा दीड टक्क्यानं खाली आला. त्या महिन्यात वरूनही कुणी काही विचारलं नाही.

मग विमा कंपनीचा माणूस आला. चष्मेवाला, सौम्य बोलणारा. त्यानं सॉफ्टवेअरची नोंद मागितली. कुणी काय कधी बदललं ते सगळं त्यात राहतं, हे स्मिताला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"मॅडम, यहां आपका नाम है. कारण की जगह सिर्फ एक बिंदी है."

"हो," ती मराठीतच म्हणाली. मग सावरून म्हणाली, "जी. मैंने ही हटाया था."

त्यानं काहीतरी टिपून घेतलं आणि पुढच्या पानावर गेला.

दुसऱ्या दिवशी मुकुलनं केबिनचं दार लावलं आणि तिच्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की अपघाताच्या वेळी संबंधित कामगार दाराच्या चुकीच्या बाजूला, सूचनांविरुद्ध उभा होता. खाली तिच्या सहीसाठी जागा होती.

"ताई, यात तुमचं नाव वाचतं. माझंही वाचतं, झूठ कशाला बोलू. आणि उदयसिंहला जे मिळायचं ते मिळणारच आहे, तो ठेकेदाराच्या रोलवर आहे, पैसे तिकडून येतात. त्याचं काही बिगडत नाही याच्यानं."

"तो चुकीच्या बाजूला उभा नव्हता, मुकुल."

"मला माहीत आहे."

"मग?"

 मुकुलनं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. आठवीत अपूर्णांक जमेनासे झाले की तो असाच बसायचा.

स्मितानं सही केली नाही. तिनं घरी बसून दोन पानं लिहून काढली, शुद्ध हिंदीत, एकेक शब्द जपून. नियम काय होता, तो कुणी सांगितला होता, तो का काढायला लावला आणि तो तिनं स्वतःच्या हातानं कसा काढला. त्या टिंबाबद्दलही लिहिलं. आई शेजारी बसून होती. "नोकरी जाईल गं," ती म्हणाली. स्मिता म्हणाली, जाऊ दे. आणि लिहिता लिहिता तिला कित्येक आठवड्यांनी हलकं वाटलं. आपल्याला कुणीतरी आता दोष देईल, शिक्षा करेल, आणि मग या गोष्टीला काहीतरी टोक येईल असं तिला वाटलं.

ती पानं तिनं विम्याच्या माणसाला हातात दिली. त्यानं उभ्या उभ्याच वाचली. "ये फॉर्मेट में नहीं है," तो म्हणाला, पण घडी करून फाइलीत ठेवली.

पाच आठवड्यांनी अहवाल आला. प्लान सॉफ्टवेअरच्या मर्यादेत होता. खोक्यांवरचा भार योग्य होता. काढलेला नियम कुठल्याही कायद्यात किंवा करारात बंधनकारक नव्हता. माल वाहतुकीत अचानक ब्रेक लागल्यानं सरकला. कुणाचाही निष्काळजीपणा आढळला नाही. स्मितानं शेवटची ओळ तीनदा वाचली. तिच्या दोन पानांचा उल्लेख परिशिष्टांच्या यादीत होता, क्रमांक नऊ.

मुकुल म्हणाला, "चला ताई, निपटलं." मग तिच्याकडे पाहून त्यानं नजर वळवली.

आता एकाच माणसाला सांगायचं राहिलं होतं. तोवर उदयसिंहला बाणगंगा वस्तीतल्या त्याच्या खोलीवर आणलं होतं. रविवारी दुपारी ती गेली. तो पलंगावर भिंतीला टेकवून बसवलेला होता, दाढी पांढरी वाढली होती. यमुना नळावर पाणी भरायला गेली तेव्हा स्मितानं सांगितलं. गुरुवार, सव्वातीन, टिचकी, टिंब. एकदा बोलायला लागल्यावर तिनं काही गाळलं नाही.

उदयसिंह ऐकत होता. मग म्हणाला, "मेरे को मालूम था, दीदी."

"क्या मालूम था?"

"टैबलेट पे दिखता तो है. अचार ऊपर, दरवाजे पे. वो वाला भी मैंने ही भरा था." त्यानं स्वतःच्या पंजांकडे पाहिलं. "पहले दिन सोचा, ऊपर आके पूछूं. फिर सोचा, दीदी ने भेजा है तो कुछ सोच के भेजा होगा."

 स्मितानं शंभर वेळा मनात हा प्रसंग घडवला होता. कधी तो शिव्या देई, कधी माफ करी. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. बावीस वर्षं तो तिच्या प्रत्येक कागदात चूक काढत आला, आणि ज्या एका वेळी चूक होती त्या वेळी तो तिच्यावर विश्वास ठेवून गप्प बसला. ती धक्क्यावर गेली असती तर त्यानं विचारलं असतं, एवढं साधं होतं ते.

यमुना पाण्याची घागर घेऊन आत आली. तिनं एकदा नवऱ्याकडे आणि एकदा स्मिताकडे पाहिलं आणि घागर कोपऱ्यात ठेवली.

त्यानंतरही ती दोन-तीनदा खोलीवर जाऊन आली. पावसाळ्याच्या आधी ते दोघं गावी निघून गेले. इंदुरात राहून करायचं तरी काय होतं. मुकुलचीही बदली झाली. त्यानं स्वतःच मागून घेतली असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं काढलं. जाताना तो स्मिताच्या पाया पडला. आणि जुलैत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. आता सगळ्या गोदामांचे नियम मुंबईच्या ऑफिसातून एकसारखे लागणार होते. स्मितानं सकाळी पान उघडलं तर टिचक्यांच्या चौकटी करड्या झालेल्या, दाबल्या जात नव्हत्या. यादीत बारा नियम होते. दाराचा नव्हता.

तिनं मुंबईला फोन केला. एका मुलीनं नम्रपणे सांगितलं की सूचना मेलवर पाठवा. तिनं पाठवली. पोच आली, त्यावर एक नंबर होता. आठ दिवसांनी तिनं पुन्हा पाठवली, दुसरा नंबर आला. मग ती धक्क्यावर जाऊ लागली, नव्या मुखियाला तोंडी सांगू लागली, वर पापड ठेव, लोणचं खाली घे. त्यानं दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा फोटो प्लानशी जुळला नाही, गाडी तीन तास अडकली, आणि त्याच्या माणसांचा दिवस वाया गेला. तिसऱ्या वेळी तो हात जोडून म्हणाला, "मैडम, हमको मत फंसाओ." त्याचंही बरोबर होतं. स्मिता कठड्यापाशी उभी राहिली. पोह्यांच्या पाच थरांवर लोणच्याची खोकी एकेक करून चढली, जाळी बांधली, फोटो निघाला, दार लागलं. ती वर येऊन टेबलाशी बसली. पुढच्या प्लानची यादी आलेली होती; ती तिनं टाकली.

नोकरी तिनं सोडली नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी दुसरी कुणी देणार नव्हतं, आणि घरी आई होती.

सप्टेंबरात ती बसनं सोनकच्छला गेली आणि तिथून टमटमनं त्याच्या गावी. पडवीत बाज टाकून त्यावर उदयसिंह होता. पुढे सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. तो बारीक झाला होता, फक्त पंजे तेवढेच मोठे. यमुनाला त्याला कुशीवर वळवायचं होतं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवावं लागे. स्मितानं पदर खोचला आणि पायांकडची बाजू धरली. पाय हलके होते, आणि गार. ते हातात घेतलेले त्याला कळलेही नाहीत. तो शेताकडे पाहत होता.

मग चहा झाला.  शेवटी त्यानंच विचारलं.

"दरवाजे पे अब क्या रखते हैं?"

स्मितानं कप खाली ठेवला.

"पापड," ती म्हणाली. "नीचे भी हल्का, ऊपर भी हल्का. अब पक्का नियम है."

उदयसिंहनं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, जसा तो तिचा कागद पाहत असे तसा. तिनं नजर हलू दिली नाही.

"अच्छा है," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

साडेचारची बस होती. यमुना तिला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, तुम्ही येऊन गेलात की चार-चार दिवस ते बोलत नाहीत, जेवत नाहीत. ती रागानं म्हणाली नाही. स्मितानं मान हलवली. बस आली, तिला खिडकीजवळ जागा मिळाली. त्यानंतर ती गेली नाही.